दोन डोंगर आणि एक सूर्य

आज फराळ आटोपल्यावर वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलापुढे कोरा कागद ठेवावा आणि म्हणावे, "बाळ, एक निसर्गचित्र काढ पाहू." मूल खिडकीकडे ढुंकूनही पाहणार नाही. पाच मिनिटांत कागदावर दोन डोंगर उभे राहतील. दोहोंच्या खिंडीतून अर्धा सूर्य डोकावेल, त्याच खिंडीतून एक नदी निघेल आणि खाली येता येता ऐसपैस होईल. एका काठाला उतरत्या छपराचे घर, दुसऱ्या काठाला नारळाचे झाड आणि आभाळात चार पाखरे. मूल सोलापूरचे असो की परभणीचे, नारळ चुकत नाही. ज्या गावात डोंगर औषधालाही सापडायचा नाही, त्या गावातही डोंगर दोनच; तीन नाहीत की एक नाही.

यात मुलाचा काही गुन्हा नाही. त्याला हे चित्र आम्ही शिकविले. वर्गाच्या भिंतीवर तेच, वहीच्या मुखपृष्ठावर तेच, किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरही तेच. बरे, मोठ्यांच्या दिवाणखान्यात जी निसर्गचित्रे चौकटीत बसून असतात, त्यांची कथा काय निराळी आहे? हात अधिक तयार असतो, एवढेच. वाईचा घाट, कोकणातले कौलारू घर, पावसाने चकाकणारी गल्ली, दूरवर बैलगाडी. जलरंगाची विद्या आपल्याकडे थोर आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलची स्थापना १८५७ सालची. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या आमच्या चित्रकारांनी उन्हाचा कवडसा कागदावर असा उतरविला आहे की हात लावला तर ऊब लागावी. त्या हातांना माझा नमस्कार आहे. पण त्या घाटावरची विजेची तार कुठे जाते? कौलांवरची काळी प्लॅस्टिकची टाकी कोण उचलून नेतो? नाशिकला रामकुंडाच्या परिसरात गोदावरीच्या तळाला काँक्रीट झाले, त्यावरून लोक न्यायालयापर्यंत गेले. आणि मी पाहिलेल्या प्रत्येक चित्रात गोदामाई अजून पेशवाईतल्यासारखी वाहते आहे. मराठीत अशा चित्राला 'देखावा' म्हणतात. गणपतीपुढे पुठ्ठ्याचा कैलास उभा करतात त्यालाही देखावाच म्हणतात, आणि खोटे दुःख दाखविणाऱ्यालाही देखावा करतो असेच म्हणतात. शब्द आपल्यापेक्षा शहाणा आहे.

हे बोलण्याचा तुम्हाला अधिकार काय, असे कोणी विचारील. माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची. मी मराठीचा मास्तर, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. ब्रश हातात घेतला तर माझ्याकडून कुंपणसुद्धा धड रंगत नाही. परंतु लहान शाळेत चित्रकलेचा तास ज्याला मोकळीक असेल त्याच्या गळ्यात पडतो, आणि तो वर्षानुवर्षे माझ्या गळ्यात पडला. तेव्हा अधिकार म्हणाल तर तो अपराध्याचा आहे.

आमच्या शाळेच्या मागून एक ओढा जातो. वरच्या अंगाला साखर कारखाना आहे. हंगामात ओढ्याला मळीचे पाणी येते आणि वास गावभर पसरतो. काही वर्षांपूर्वी सहावीच्या एका पोराने निसर्गचित्र म्हणून तो ओढा काढला. तपकिरी खडूने पाणी, काठावर मोटारीची खोली, तिच्यातून निघालेला वाकडा पाइप, एक विजेचा खांब, आणि पाण्यावरचा फेस त्याने कागद कोरा ठेवून दाखविला होता. फेसाला पांढरा रंग लागत नाही, कागदच पांढरा असतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ते त्याचे त्याने शोधले होते. मी त्याला दहापैकी तीन गुण दिले आणि खाली लाल शाईने लिहिले, "निसर्गचित्र काढावे." पोराने दुसऱ्या दिवशी मुकाट्याने दोन डोंगर काढून आणले. मी सात दिले.

ही गोष्ट मी विसरलोही होतो. गेल्या वर्षी मुंबईला नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठविले. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनाने २००५ साली काढलेले, रॅकस्ट्रॉ डाउन्स नावाच्या चित्रकाराचे. त्याची मूळ चित्रे मी पाहिलेली नाहीत, छापील रंगांवरून बोलतो आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. शब्दकोश शेजारी ठेवून महिनाभर ते पुस्तक वाचले. त्यात १९९५ सालचे एक चित्र आहे. त्याच्या नावाचे मराठी करायचे तर असे होईल: 'चार रेडिओ-मनोरे असलेल्या शेताच्या कडेने जाणाऱ्या दोन चाऱ्यांच्या संगमापाशी.' मी हसलो. संगम म्हटले की आम्हाला प्रयाग आठवायचा, फार तर कऱ्हाडचा प्रीतिसंगम. आणि हा गृहस्थ दोन चाऱ्यांच्या संगमापाशी आसन मांडून बसला आहे! हसता हसता मला ते सहावीतले पोर आठवले, आणि मग हसू आले नाही.

हा डाउन्स मूळचा इंग्रज. जन्म १९३९, केंट परगण्यातल्या पेंबरी गावचा. केंब्रिजला इंग्रजी वाङ्मय शिकून १९६१ साली पदवीधर झाला आणि मग अमेरिकेत येल विद्यापीठात चित्रकला शिकून १९६४ साली बाहेर पडला. तो काळ असा होता की अमेरिकेत झाडासारखे झाड काढणे म्हणजे अडाणीपणाचे लक्षण मानले जाई. त्याच्यावर छाप होती अल हेल्ड या चित्रकार-शिक्षकाची, ज्याची चित्रे म्हणजे धारदार कडांचे मोठमोठे रंगाकार. त्याच्या बरोबरीचे विद्यार्थी चक क्लोज, रिचर्ड सेरा, ब्राइस मार्डन; पुढे या मंडळींनी जगभर नाव काढले. डाउन्सही आरंभी भौमितिक अमूर्त चित्रेच काढी. अर्थात ज्याला दुसरे काही येत नव्हते म्हणून तो झाडे काढू लागला, असा हा मनुष्य नव्हे. त्या काळची सगळी नवी विद्या पदरात घेऊन, ती पुरती जाणून, तो तिच्यापासून उठून गेला. साठीच्या दशकात त्याने मेन राज्यात एक शेतघर घेतले. आजूबाजूला जे होते ते चितारू लागला, आणि तेच त्याचे आयुष्य झाले.

या वाटेवर त्याच्या आधी एक वाटसरू होऊन गेला होता, फेअरफिल्ड पोर्टर. १९०७ साली जन्मला, १९७५ साली गेला. अमूर्त चित्रांचा पूर लोटला असताना हा आपली बायकोमुले, आपले घर, आपले जेवणाचे टेबल रंगवीत बसला. तो स्वतः सांगत असे की क्लेमेंट ग्रीनबर्ग या बड्या टीकाकाराने, आता अशी माणसांची चित्रे काढता येणार नाहीत, असा निवाडा एकदा दिला. तो ऐकून पोर्टरने ठरविले की जे करता येत नाही म्हणतात नेमके तेच आपण करायचे. असला हट्ट मला फार आवडतो. पोर्टरचे टीकालेख निवडून त्यांचे पुस्तक १९७९ साली सिद्ध केले ते डाउन्सनेच. चित्रकाराने दुसऱ्या चित्रकाराचे लेख झाडूनपुसून वाचकांपुढे ठेवावेत, ही गोष्ट आमच्याकडे दुर्मिळ आहे.

आता आमच्याकडच्या विद्वानांकडे वळतो. कॅमेरा आला तेव्हाच वास्तववादी चित्र मेले, असे ठासून सांगणारे विद्वान दर दशकात नव्याने जन्म घेतात. मेलेल्याचे श्राद्ध इतक्या वेळा घालावे लागते, यावरून त्यांनी काय ते ओळखायला हवे होते. पण युक्तिवादाला युक्तिवादानेच उत्तर दिले पाहिजे, म्हणून डाउन्सची कामाची रीत सांगतो.

तो छायाचित्र वापरीत नाही. जागा हेरतो, तिथे जाऊन बसतो आणि आधी रेखाटन करतो. दृश्य कागदाबाहेर जाऊ लागले की कागदाला कागद जोडतो. मग कापडही त्याच जागी नेऊन तिथेच रंगवायचे. ऊन बदलले की काम थांबले. पुन्हा त्याच घटकेला, तसेच ऊन पडेल तेव्हा. एकेका चित्राला महिने लागतात. काटेरी पात्यांच्या तारेच्या एका कुंपणाची त्याने चार जागांवरून चार चित्रे काढली, १९९९ साली. त्यांच्या नावातच 'ऑगस्ट ते नोव्हेंबर' असे लिहिले आहे. कुंपणापाशी चार महिने! आमच्याकडे चार महिन्यांत लोक एकल प्रदर्शन भरवून, विकून, सत्कार घेऊन मोकळे होतात.

आणि या चित्रांत क्षितिज वाकते. प्रथम मला वाटले, छपाईत काही बिघडले असेल. मग शाळेच्या लांबलचक आवारभिंतीसमोर उभा राहिलो. समोर पाहिले तर भिंत माझ्यापेक्षा उंच. डावीकडे मान वळविली तर ती लहान लहान होत फाटकापर्यंत उतरत गेलेली, उजवीकडे वळविली तरी तेच. मधे उंच आणि दोन्ही टोकांना ठेंगणी अशी भिंत एकाच कागदावर काढायची झाली, तर तिची वरची रेघ वाकणारच! पट्टी लावून सरळ रेघ मारणाऱ्याने मान वळविलेलीच नसते. डाउन्स मान वळवितो आणि त्या वळण्याचा हिशेब चित्रात ठेवतो. कॅमेऱ्याच्या डोळ्याला मान नसते. तो सेकंदाच्या शतांशात एका दिशेचे जे दिसेल ते टिपतो. इथे कित्येक दुपारींचे पाहणे एका पट्टीत आलेले आहे. तेव्हा कॅमेऱ्याने याचे काम हिरावून घेतले, हे म्हणणे म्हणजे तारायंत्राने पत्रलेखकाचे काम हिरावले असे म्हणण्यासारखे आहे. तारा गेल्या, आणि लांब पत्र लिहिणारे अजून लिहिताहेत.

हा गृहस्थ काढतो तरी काय? जर्सी सिटीतल्या भंगाराच्या आवाराचे कुंपण. उड्डाणरस्त्याच्या खालची काळोखी जागा. टेक्सासातली तेलाची मैदाने. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या रिकाम्या, भाडेकरू नसलेल्या जागा त्याने १९९८ साली रंगविल्या. तिथून दिसणारे शहर रंगवायला शेकडो जण धावले असते. याने बिनभाड्याची जमीन, छत आणि खांब मन लावून पाहिले. तीन वर्षांनी, २००१ साली, त्या इमारतीच उरल्या नाहीत.

माझ्या मनात मात्र सर्वांत खोल रुतली ती २००२-०३ मधली पाच चित्रे. टेक्सासच्या टोकाला प्रेसिडिओ गावाजवळ रिओ ग्रांद नदी वाहते. अलीकडे अमेरिका, पलीकडे मेक्सिको. तिथे नदीचा प्रवाह मोजण्याची जी सामग्री बसविलेली आहे, ती त्याने पाच वेगवेगळ्या जागांवरून रंगविली. सूर्यास्त नाही, नाव नाही, नावाडी नाही. पाणी किती वाहते ते मोजण्याची सरकारी यंत्रणा.

ती चित्रे पाहताना मला सांगली दिसली. २००५, २०१९, २०२१ — कृष्णेच्या त्या पुरांत सांगलीचा माणूस डोळे उघडताच पहिला प्रश्न विचारी तो आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे, हा. फुटांचा तो आकडा घरोघर देवाच्या नावासारखा जपला जाई. त्याच्यावर बिछाने गुंडाळायचे की नाही, म्हशी सोडायच्या की नाही, म्हातारीला माडीवर न्यायचे की नाही हे ठरे. लाखो माणसांच्या काळजाचे ठोके ज्या खुणांशी बांधलेले होते, त्या खुणांचे चित्र मी आजवर पाहिलेले नाही. त्याच कृष्णेचा वाईचा घाट मात्र मी किती वेळा पाहिला, त्याची गणती नाही. मला रागावायचे आहे ते इथे. जी नदी आम्हाला बुडविते, पाजते आणि आमच्या घाणीने काळी पडते, ती आमच्या भिंतीवर येत नाही. भिंतीवर दुसरीच कोणी नदी आहे; तिला पूर येत नाही आणि वासही येत नाही.

यावर एक रसिक स्नेही मला म्हणाले, "मास्तर, दिवसभर माणूस बाहेर ती घाणच पाहतो. घरी आल्यावर भिंतीवर तरी चार घटका सुंदर काही नको का?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. माझ्याही घरात एक कौलारू घराचे चित्र आहे, पत्नीने हौसेने लावलेले, आणि ते मी काढायला सांगितलेले नाही. सांगण्याची छातीही नाही. पण सुंदर कशाला म्हणायचे हे एकदा तपासून पाहू. इंग्लंडच्या जॉन कॉन्स्टेबलचे १८२१ सालचे 'हे वेन' हे चित्र जगातल्या कॅलेंडरांवर असंख्य वेळा छापले गेले असेल. उथळ पाण्यात उभी असलेली गाडी, काठावर टुमदार घर, वर ढगांचे आभाळ. पाहणाऱ्याला वाटते, काय हे स्वप्नातले खेडे! आणि ती जागा म्हणजे काय? कॉन्स्टेबलच्या बापाची पिठाची गिरणी तिथे होती. ज्या स्टूर नदीत ती गाडी उभी आहे, तिच्यातून मालाच्या होड्या जात. हा गिरणीवाल्याचा मुलगा बापाच्या धंद्याची जागा रंगवीत होता: बंधारे, पाण्याची दारे, ओल्या फळ्या, शेवाळलेले खांब. तीन वर्षांनी पॅरिसच्या प्रदर्शनात फ्रेंचांनी त्या चित्राला सुवर्णपदक दिले. आज ती गिरणी आपल्याला रम्य वाटते, कारण तिचा आवाज ऐकू येत नाही. आमची मोटारीची खोली आणि वाकडा पाइप दोनशे वर्षांनी कोणाला रम्य वाटणारच नाही, असे कोण सांगणार? पण त्यासाठी आज कोणीतरी तिथे बसून ते काढलेले असायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ही कुरूपाची पूजा नव्हे काय? गरिबी विकून पुरस्कार मिळविणारे आपण पाहिले आहेत. हा उकिरडा विकतो, असे कोणी म्हणेल. मला भीती होतीच. म्हणून मी त्या चित्रांत ओरडा शोधला: पाहा, माणसाने पृथ्वीचा कसा नाश केला, असा. तो सापडला नाही. चारीच्या कडेचे गवत त्याने ज्या मायेने काढले आहे, त्याच मायेने मनोऱ्याचे ताण. तो कोणावर फिर्याद करीत नाही आणि कोणाची वकिलीही करीत नाही. माझा स्वभाव तसा नाही. कारखान्याच्या मळीविषयी मला चार खणखणीत शब्द बोलावेसे वाटतात आणि मी ते ग्रामसभेत बोलतोही. पण तिथे बोलताना माझ्या ध्यानात आले आहे की लोकांना ओढ्याची आठवणच राहिलेली नाही. पूर्वी कुठपर्यंत पाणी होते, करंजाची झाडे किती होती, फेस कुठल्या वळणापासून सुरू होतो, हे विचारले तर दहा जण दहा उत्तरे देतात. कोणी नीट पाहिलेलेच नसते. आणि ज्या एका पोराने पाहिले होते, त्याला मी तीन गुण दिले होते.

डाउन्सचे मी देव्हाऱ्यात पूजन मांडलेले नाही. त्याची काही चित्रे मला थकवितात. माणसे त्याच्या चित्रांत मुंग्यांएवढी, आणि कादंबरीकाराला माणसावाचून करमत नाही. एखाद्या हवेच्या नळकांड्याकडे इतका वेळ पाहण्याचा पेशन्स माझ्यात नाही, आणि खरे सांगायचे तर ते चित्र मला कोणी फुकट दिले तरी मी कुठे लावीन, हे मला सांगता येणार नाही. १९७२ पासून २००८ पर्यंत जागेवर बसून काढलेल्या त्याच्या चित्रांचे प्रदर्शन २०१० साली न्यूयॉर्क राज्यातल्या पॅरिश संग्रहालयात भरले. छत्तीस वर्षे ऊन, वारा, डास आणि रस्त्यावरच्यांचे प्रश्न! त्याआधी वर्षभर, २००९ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर त्याला मॅकआर्थर फाउंडेशनची मोठी वृत्ती मिळाली. उशिरा का होईना, मिळाली. आमच्याकडे गावोगाव असे बसू शकणारे हात आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना दरवर्षी मुले बसतात. त्यांतल्या कित्येकांची रेघ पाहून मी थक्क होतो. तो हात पुढे लग्नाच्या फलकांवर नावे रंगवितो, किंवा तोही सुटतो. त्याला कोणी म्हणत नाही की बाबा रे, तुझ्या घरामागे जे आहे तेही चित्राचेच आहे.

त्या सहावीतल्या पोराला मी शोधून काढले. तो आता त्याच कारखान्यावर ऊस ओढणारा ट्रॅक्टर चालवितो. मी त्याच्याजवळ ते चित्र काढले, तर तो अवघडला. "राहू द्या की गुरुजी, मला कुठं येत होतं काय," म्हणाला आणि मला चहा पाजला. चित्र त्याच्यापाशी नव्हते. माझ्यापाशी तर नव्हतेच.

यंदा जूनमध्ये चित्रकलेचा तास पुन्हा माझ्या वाट्याला आला. मुख्याध्यापकांची परवानगी काढून, पाऊस उघडल्यावर एका शनिवारी मी सहावीचा वर्ग ओढ्यावर नेला. एकेकाला जागा नेमून दिली आणि सांगितले, इथून हलायचे नाही, डोंगर काढायचा नाही. पहिली पंधरा मिनिटे नुसता गोंधळ झाला. दोघे पाण्यात पाय बुडवून आले, एकाने चोरून सूर्य काढला. मग हळूहळू माना वर-खाली होऊ लागल्या. एक मुलगी खांबाखाली बसली होती, ती उठून माझ्याकडे आली.

"गुरुजी, तारा काढायच्या?"

"काढ की."

"एक तुटून लोंबतेय, ती पण?"

"ती पण. पण तिच्याजवळ जाऊ नकोस." आणि मी तिला दुसरीकडे बसविले, वायरमनला फोन केला. तो यायच्या आत तिने ती तार काढून घेतली होती.

तास संपला तेव्हा कोणाचाही कागद निम्म्याच्या वर भरला नव्हता. पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. मग सहामाही परीक्षा आली. आता सुट्टी संपली की कारखान्याचा हंगाम सुरू झालेला असेल आणि पाण्याचा रंग बदललेला असेल. तेव्हा तेच कागद पुरे करायचे की नवे घ्यायचे, यावर वर्गात दोन तट पडले आहेत.